बिनबॅटरीचं ब्रेन इम्प्लांट: छान आहे, पण उंदीर उभा राहिला की बघा

आमच्या प्रयोगशाळेत ऑप्टोजेनेटिक्सच्या (मेंदूतल्या पेशींत प्रकाशाला प्रतिसाद देणारं प्रथिन घालून त्या प्रकाशाने चालू-बंद करायचं तंत्र) उंदरांची सर्जरी मी करते आणि नंतर पिंजऱ्यासमोर बसून त्यांचं वागणंही मीच नोंदवते. तेव्हा मेंदूत प्रकाश देणाऱ्या या इम्प्लांटचा रिव्ह्यू वापरणारीचा समजा, खरेदी मंजूर करणाऱ्याचा नव्हे.

उपकरणाला बॅटरी नाही. कवटीवर, कातडीखाली बसणारी चपटी गोल कॉइल, तिच्यापासून मेंदूत उतरणारा बारीक दांडा आणि दांड्याच्या टोकाला निळी एलईडी, एवढंच. पिंजऱ्याभोवती तांब्याच्या तारेचे वेढे द्यायचे, त्यांत १३.५६ मेगाहर्ट्झचा प्रवाह सोडायचा (मोबाइल टेकवून पैसे देतो ती हीच फ्रीक्वेन्सी) आणि कॉइल त्या चुंबकीय क्षेत्रातून वीज उचलते. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या जॉन रॉजर्स आणि मायकेल ब्रुकास या संशोधकांच्या गटांनी मेंदूत टोचता येणारी सूक्ष्म एलईडी दाखवली, तेव्हा डोक्यावर वेगळा रिसीव्हर लागायचा. आता सगळं कातडीखाली गेलंय.

फायदा कळतो तो दोन उंदीर एकत्र सोडल्यावर. नेहमीच्या पद्धतीत बाहेरच्या दिव्याचा प्रकाश ऑप्टिकल फायबरच्या केबलने मेंदूत नेतात; ती केबल असली की दुसरा ती कुरतडतो, झटापटीत दोघंही गुंततात, केबलला पीळ पडू नये म्हणून लावलेला फिरता रोटरी जॉइंट अडकला तर बिचारा मान वाकडी करून चालतो. मग नोंदलेल्या वागण्यात न्यूरॉनचा वाटा किती आणि केबलचा किती, सांगा बघू. इथे टाके भरले की उंदीर सोबत्यांमध्ये परत जातो, नळकांड्यात शिरतो, घरट्याच्या कापसात दडतो. सामाजिक वर्तनाचे प्रयोग करत असाल, तर एवढ्यासाठीच हे घ्यावं.

आता कंपनीच्या व्हिडिओत न दिसणारी गोष्ट. त्यातला उंदीर कायम चार पायांवर चालतो. खरा उंदीर सारखा मागच्या पायांवर उभा राहून भिंत हुंगतो. डोकं वर गेलं की कॉइल तिरकी होते. ६० अंश कलली तर तिच्यातून जाणारं क्षेत्र निम्मं होतं आणि मिळणारी पॉवर चौथाईवर येते. चॅनेलरोडॉप्सिन (पेशींत घातलेलं ते प्रकाशसंवेदी प्रथिन) चालू व्हायला दर चौरस मिलिमीटरला साधारण १ मिलिवॅट प्रकाश लागतो. काठावरच्या पॉवरवर काम करत असाल, तर उंदीर नेमका कुतूहलाने उभा राहतो तेव्हाच तुमचं स्टिम्युलेशन गायब! आणि हे यादृच्छिक नाही, वागण्याशी बांधलेलं आहे, म्हणून सरासरी काढून सुटका होत नाही. कातडीतून दिसणारा लाल सूचक दिवा या उपकरणात आहे, तो मला सगळ्यात आवडला. व्हिडिओत तो विझलेल्या फ्रेम मी विश्लेषणातून काढते. सूचक दिवा नसलेलं स्वस्त मॉडेल घेऊ नका.

वेढे लावण्याआधी पिंजऱ्याची स्टीलची जाळी काढून प्लॅस्टिकचं झाकण बसवा. धातू जवळ असला की ट्यूनिंग बिघडतं.

उष्णतेचं काय? फायबरमध्ये दिव्याची उष्णता डोक्याबाहेर राहते, इथे ती थेट मेंदूत उतरते. मी १० मिलिसेकंदांचे पल्स २० हर्ट्झने देते, म्हणजे दिवा एक पंचमांश वेळच चालू असतो. सलग प्रकाश देणं टाळा. आणि ऑप्सिन (प्रकाशसंवेदी प्रथिन) नसलेला, फक्त चमकणारं प्रथिन देणारा विषाणू टोचलेला गट हवाच. त्यांनाही तेच इम्प्लांट, तेवढाच प्रकाश. नाहीतर परिणाम ऑप्सिनचा की नुसत्या उष्णतेचा, हा प्रश्न शोधनिबंधाचे परीक्षक सगळ्यात आधी विचारतील, आणि योग्यच विचारतील.

बसवताना टोकदार चिमटा नको. वरच्या, पाणी अडवणाऱ्या पॅरिलीन-सिलिकोनच्या थराला ओरखडा गेला की शरीरातला खारा द्रव आत झिरपतो आणि एलईडी मरते. सॉफ्टवेअर ठीकठाक आहे, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

माझ्याकडून ५ पैकी ४. विकत घेण्याआधी कंपनीकडून पिंजऱ्यातल्या पॉवरचा नकाशा मागा: कोपऱ्यांतला, वरच्या उंचीवरचा, कॉइल तिरकी धरून मोजलेला. मधोमध, सपाट ठेवून घेतलेला एकच आकडा पाठवला, तर पुन्हा मागा.

आणि हे फक्त प्रकाश देणारं यंत्र आहे, ऐकणारं नव्हे. न्यूरॉनचे स्पाइक (विजेचे क्षणिक ठोके) टिपायचे तर ३२ चॅनेल, प्रत्येकी सेकंदाला ३० हजार नमुने, दर नमुन्याला १६ बिट असा हिशेब धरला तरी सेकंदाला १५ मेगाबिटांच्या वर डेटा जातो. कमी विजेवर चालणाऱ्या बिनतारी ब्लूटूथ लो एनर्जीचा कच्चा वेगच २ मेगाबिटांवर थांबतो. आमचं ते काम अजून केबलवाल्या पिंजऱ्यातच चालू आहे.