फोटो कापडावर घ्यायचाय: ट्रान्सफर पेपर की थेट प्रिंट?

दोन्ही प्रकार मी करून बसलोय. इस्त्रीने चिकटवायचा ट्रान्सफर पेपरही वापरला आणि कापडाला कागदाचा आधार देऊन ते सरळ इंकजेट प्रिंटरमध्येही घातलं. प्रत्येकाचं काम वेगळं, प्रिंटर वेगळा, त्यामुळे माझं म्हणणं थोडं सांभाळूनच घ्या.

पहिल्या दिवशी ट्रान्सफर पेपर जिंकतो, यात वाद नाही. रंग ठसठशीत उतरतात, डोळ्यांच्या पापण्यासुद्धा दिसतात. फिकट कापडासाठीच्या पेपरवर फोटो आरशासारखा उलटा छापायला विसरलात तर मात्र गंमत होते. माझ्या पहिल्याच फोटोत भांग दुसऱ्या बाजूला गेला आणि घड्याळ उजव्या हातात आलं. कोणाच्या लक्षातही आलं नाही म्हणा.

माझं बिनसलं ते इस्त्रीवरून. या पद्धतीत शाई धाग्यात मुरत नाही. शाई धरून ठेवणारा प्लास्टिकसारखा पातळ पापुद्रा कापडावर बसतो. उष्णतेने चिकटलेला, म्हणजे उष्णतेने पुन्हा मऊ होणारा. आणि तुकडे जोडून गोधडी करायची तर प्रत्येक शिवणीनंतर इस्त्री फिरवावी लागतेच. बारा फोटोंची गोधडी होती. नवव्या फोटोची शिवण बसवताना इस्त्रीचं टोक जेमतेम बोटभर आत सरकलं आणि उचलली तेव्हा हनुवटी इस्त्रीबरोबर आली. आधी तळ खरवडून साफ केला, मग अख्खा चौकोन उसवला. तेव्हा दुसरी गोष्ट कळली: कापडातलं सुईचं भोक धागे सरकून बरंचसं बुजतं, पापुद्र्यातलं बुजत नाही. उसवलेल्या जागी ठिपक्यांची रांग तशीच राहिली. मध्ये बेकिंग पेपर ठेवून इस्त्री करा, असं सगळे सांगतात. मीही ठेवायचो, नवव्या वेळी विसरलो.

थेट प्रिंटमध्ये ही धास्ती नाही. शाई धाग्यात जाते, कापड कापडासारखंच हाताला लागतं, सुई सहज जाते. पण हिचेही नखरे आहेत. रंग थोडे मावळतात, म्हणून छापण्याआधी मी कॉन्ट्रास्ट जरा चढवून घेतो. पांढरा रंग प्रिंटर छापत नाही, तिथे कापडच दिसतं. तेव्हा कापड पांढरं, सुती आणि दाट विणीचं हवं. एखादा सुटा धागा राहिला तर तो प्रिंट हेडला घासतो आणि कपाळावर शाईचा फराटा उमटतो. प्रिंटरच्या तोंडाशी जाणारी कड तरी कात्रीने नीट साफ करून घ्या. आकारही प्रिंटर घेईल तेवढाच, म्हणजे घरी बहुधा ए-4.

शाईचं मात्र आधी बघा. पिगमेंट शाई, म्हणजे पाण्यात न विरघळणाऱ्या रंगकणांची, साध्या कापडावरही बऱ्यापैकी टिकते. डाय शाई, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची, असेल तर प्रक्रिया केलेली तयार कापडी शीटच घ्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात चेहरे ओघळतात. माझा प्रिंटर पिगमेंटचा आहे, त्यामुळे माझं मत थोडं त्या बाजूला झुकलेलं असणार. छापल्यावर मी एक दिवस तसंच ठेवतो, मग गार पाण्यातून काढतो.

तिसरी पद्धत जेल मीडियमची, म्हणजे चित्रकार वापरतात त्या गोंदासारख्या ॲक्रिलिक जेलची. तिचं विचाराल तर लेझर प्रिंट त्याने कापडावर पालथी चिकटवून, वाळल्यावर कागद ओला करून बोटाने चोळून काढायचा. ओलं असताना सुरेख दिसतं, वाळलं की कागदाच्या उरलेल्या तंतूंची पांढुरकी झाक परत येते. चार वेळा चोळलं, चार वेळा आली. भिंतीवर लावायच्या, मुद्दाम जुनाट दिसणाऱ्या कामाला ती शोभते, पण गोधडीसाठी मला नको.

टी-शर्ट करायचा असेल तर मात्र मीही ट्रान्सफर पेपरच घेईन. शिवलेला टी-शर्ट काही घरच्या प्रिंटरमध्ये जात नाही, फोटोवरून शिवण घालायची नसते आणि इस्त्री उलट्या बाजूने करता येते. गोधडी, उशीचा अभ्रा, जिथे जिथे सुई पुन्हा पुन्हा फोटोतून जाणार, तिथे थेट प्रिंटच. माझे दहावा, अकरावा आणि बारावा चौकोन थेट कापडावर छापलेले आहेत. नववाही नंतर तसाच केला.