निवृत्तीनंतरचा वेळ: ज्येष्ठ नागरिक संघ की जबाबदारीचे काम?

निवृत्तीनंतर मोकळा झालेला वेळ कोठे द्यावा, याचा विचार करणाऱ्यांपुढे आपल्या शहरांत साधारणपणे दोन वाटा असतात. पहिली ज्येष्ठ नागरिक संघाची, हास्य क्लबाची किंवा भजनी मंडळाची; दुसरी शाळा, ग्रंथालय किंवा रुग्णालयात अंगावर घेतलेल्या एखाद्या नियमित कामाची. पैसा दोन्हीकडे फारसा लागत नाही, म्हणून तो मुद्दा येथे बाजूला ठेवतो.

संघाची बाजू भक्कम आहे. २०१० साली ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र तपासली, तेव्हा ज्यांचे सामाजिक संबंध बळकट होते त्यांची त्या त्या अभ्यासाच्या काळात हयात राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. कोणाबरोबर तरी राहणे, एवढ्यावरून मात्र फारसे काही ठरत नव्हते. निरनिराळ्या प्रकारच्या माणसांशी येणारा संबंध त्याहून कितीतरी अधिक महत्त्वाचा ठरला. मुलाच्या घरी राहायला गेलो म्हणजे सोबतीचा प्रश्न मिटला, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. १९९५ साली डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईतील एका उद्यानात पाच जणांसह सुरू केलेला हास्य क्लब आज देशोदेशी पोहोचला आहे, याचे श्रेय हसण्याइतकेच रोज ठरलेल्या वेळी भेटण्यालाही द्यावे लागेल. शिवाय आठवडाभर गुडघा धरला तरी संघाचे काही अडत नाही.

आणि माझ्या मते, काही अडत नाही हीच संघाची उणी बाजू आहे. ज्या माणसाची सही पस्तीस वर्षे कोणाला तरी हवी होती, त्याला केवळ श्रोता म्हणून बसणे फार दिवस पुरत नाही. शिकागोतील रश विद्यापीठाच्या संशोधकांनी नऊशेहून अधिक वृद्धांचा सरासरी चार वर्षे मागोवा घेतला. आपल्या जगण्याला हेतू आहे असे ज्यांना प्रकर्षाने वाटत होते, त्यांची अल्झायमरपासून मुक्त राहण्याची शक्यता तसे फारसे न वाटणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे २.४ पट होती. हे निरीक्षण आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे. कदाचित ज्यांचा मेंदू शाबूत असतो त्यांनाच हेतू टिकवता येत असेल. तरीही कामाच्या बाजूने आणखी एक गोष्ट बोलते. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात ‘एक्सपीरियन्स कोअर’ या उपक्रमातील साठीपुढील स्वयंसेवक आठवड्याला सुमारे १५ तास प्राथमिक शाळांतील मुलांना वाचनात मदत करत. त्यांना आधी प्रशिक्षण दिले जाई आणि एका शाळेत एकट्यादुकट्याला न पाठवता गट नेमला जाई, त्यामुळे कामाबरोबर सोबतही आपोआप मिळे. आपल्याकडच्या स्वयंसेवेत बहुधा हीच जोड नसते: एकटे जायचे, शिकवायचे आणि एकटेच परतायचे.

दोन्ही वाटांना लागू पडणारा एक धोका रिचर्ड शुल्झ यांच्या १९७६ मधील प्रयोगातून दिसतो. वृद्धनिवासातील ज्येष्ठांना विद्यार्थी भेटायला जात; ज्यांना भेटीची वेळ आधी ठाऊक असे किंवा स्वतः ठरवता येई, त्यांची प्रकृती व उत्साह सुधारला. पुढे भेटी थांबल्या आणि काही वर्षांनी पाहिले, तर नेमकी हीच मंडळी अधिक खालावलेली आढळली. म्हणून वर्षभराने गुंडाळला जाईल अशा उपक्रमापेक्षा लहान, परंतु टिकाऊ जागा निवडावी.

नुकताच जोडीदार गमावलेल्याने आधी संघ धरावा. त्या अवस्थेत जबाबदारीचे ओझे नको. नोकरीतून नुकतेच बाहेर पडलेल्या आणि धडधाकट असलेल्या गृहस्थाने मात्र काम आधी घ्यावे, असे मी म्हणेन. स्त्रियांचे गणित अनेकदा उलटे असते. स्वयंपाक आणि नातवंडे यांतून जिची निवृत्ती कधी झालीच नाही, तिला आणखी ‘हेतू’ सुचवणे हा चावटपणा आहे. तिच्यासाठी भजनी मंडळाचे दोन तास हेच योग्य उत्तर.

ऐकू कमी येत असेल, तर सभागृहातील गलक्यात माणूस हळूहळू गप्प होतो आणि मग जाणेच सोडतो. अशांना एकेका मुलाला समोर बसवून शिकवणे अधिक सोयीचे पडते. काम स्वीकारताना आठवड्यातील दोनच दिवस कबूल करावेत आणि आजारपणात आपल्या जागी कोण उभे राहील, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे.