प्रथिने आणि लोह: परजीवी शरीरात असताना

आतड्यातल्या जंतांशी लढताना प्रथिनांचे काम सरळ आहे. मास्ट पेशी आणि इओसिनोफिल या रोगप्रतिकारक पेशी तिथे जमतात, अस्तर भराभर नवे होते, चिकट श्लेष्मा सुटतो आणि जंत बाहेर ढकलला जातो. या सगळ्याला प्रथिने लागतात. ती कमी पडली की प्रतिसाद मंदावतो आणि जंतांचा मुक्काम लांबतो. इथे आहार वाढवावा, यात मला शंका वाटत नाही.

लोहाचे तसे नाही. ते आपल्यालाही हवे आणि मलेरियाच्या परजीवीलाही. तो तर तांबड्या पेशीतच वाढतो. संसर्ग झाला की यकृत हेप्सिडिन हे लोहावर नियंत्रण ठेवणारे संप्रेरक सोडते आणि रक्तातले लोह घटते. शरीर जणू कोठाराला कुलूपच लावते. टांझानियातल्या पेम्बा बेटावर लहान मुलांना सरसकट लोह आणि फॉलिक ॲसिड दिले गेले, तेव्हा रुग्णालयात भरती होण्याचे किंवा दगावण्याचे एकत्रित प्रमाण वाढले. हे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. ती लहान मुले होती, हे मनातून जात नाही.

तरीही लोह बंद करा, असे मी म्हणणार नाही. ॲनिमियानेही मुले खचतात. मलेरियाच्या प्रदेशात लोहाच्या जोडीला प्रतिबंध, वेळेवर निदान आणि औषधे हवीतच.