मॉडेल ट्रकचे धातूचे भाग नागपुरात कुठे करून घ्यावेत: लेथवाला, सीएनसी, लेझर की घरची मशीन?

१:८ मापाचा दहा चाकी ट्रक बांधायचं ठरलं की सुरुवात मजेत होते. वाडीला अमरावती रोडवर उभ्या असलेल्या ट्रकपाशी टेप घेऊन जायचं, ड्रायव्हरला चहा पाजायचा, चेसिसची उंची, कमानीची (पाट्यांच्या स्प्रिंगची) लांबी, चाकाचे नट मोजून घ्यायचे आणि घरी येऊन सगळ्याला आठाने भागायचं. अडतं ते त्यानंतर. कागदावर रिम झकास दिसतो, पण तो ॲल्युमिनियममध्ये उतरवून देणार कोण?

माप १:१४ असतं तर निम्मं काम सोपं होतं. टामिया या जपानी मॉडेल कंपनीचे ट्रक त्या मापाचे, म्हणून त्या मापात रिम, ॲक्सल, गिअरबॉक्स तयार मिळतात. महाग पडतात, वर आयातीचा खर्च, पण मिळतात. १:८ ला तसा बाजार जवळपास नाहीच. मग राहतात चार वाटा: बगडगंजच्या स्मॉल फॅक्टरी एरियासारख्या ठिकाणचा साधा लेथवाला (लेथ म्हणजे धातू गोल फिरवून कापणारी मशीन), हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीतलं सीएनसीचं, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनचं वर्कशॉप, पत्र्यासाठी लेझर कटिंगवाला, आणि घरी स्वतःची छोटी लेथ.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सगळे भाग एकाच ठिकाणी करून घ्यायचा हट्ट धरू नका. प्रत्येक भागापुरतं एवढंच पाहा: असे नग किती लागणार, आणि बसवताना दहावा-विसावा हिस्सा मिलिमीटर कमी करावा लागला तर तो कोण करून देणार? निम्मे निर्णय इथेच लागतात.

रिमपासून सुरू करू, कारण पैसा आणि डोकेदुखी दोन्ही तिथेच जास्त. खऱ्या ट्रकचा रिम २० इंची, म्हणजे ५०८ मिमी. आठाने भागले की ६३.५. ही टायर बसतो तिथली मापं. बाहेरची कड धरून व्यास ७२-७३ पर्यंत जातो, म्हणून ७५ मिमीचा बार घ्यावा लागतो. दहा चाकी ट्रकला पुढे दोन, मागे आठ आणि एक स्टेपनी असे अकरा रिम. यातली सोयीची गोष्ट अशी की खऱ्या ट्रकवर पुढचा आणि मागचा रिम एकच असतो. पुढे त्याचा फुगवटा बाहेर येतो, मागे तोच उलटा बसतो. तेव्हा ड्रॉइंग एक, नग अकरा. कापायची जागा धरून एका नगाला ३५ मिमी बार धरला तर सगळा माल साडेचार किलोच्या आसपास भरतो. हेच पितळेत करायला गेलात तर साडेचौदा किलोच्या घरात. पितळ चमकतं छान, पण चाकांसाठी त्याचा मोह नको.

अकरा सारखे नग म्हटले की सीएनसीचं पारडं जड होतं. तिथे खर्चाचे दोन तुकडे असतात: प्रोग्राम आणि सेटिंगचे पैसे एकदाच, मग नगामागे मशीनचा वेळ. आकडे फक्त समजण्यापुरते घ्या. सेटिंगचे २,००० आणि नगाला १५० धरले तर एका रिमला २,१५० पडतात, अकरा केलेत तर नग ३३२ ला येतो. म्हणून कोटेशन मागताना एक, पाच आणि अकरा अशा तिन्ही नगांचा भाव मागा. दुकानदार सेटिंग किती लावतोय ते आपोआप उघडं पडतं.

खरी अडचण भावाची नसतेच. हिंगण्याला महिंद्राचा ट्रॅक्टरचा कारखाना आहे, आणि अशा कारखान्यांना माल पुरवणाऱ्या वर्कशॉपचं पोट शेकड्या-हजारांच्या ऑर्डरवर चालतं. चालू मशीन थांबवून तुमचे अकरा रिम कोण लावणार? मेट्रोने लोकमान्य नगरला उतरून दोन-चार शेड फिरलात की एकच उत्तर ऐकू येतं: “भाऊ, एवढ्याशा कामाला नाही परवडत न.” यावर उपाय म्हणजे घाई न करणं. “दोन ऑर्डरच्या मध्ये मशीन मोकळी झाली की लावा, मी महिनाभर थांबतो,” असं म्हटलं की बरेच जण तयार होतात. आणि बरोबर स्टेप फाइल (भागाचं थ्रीडी मॉडेल), मापांची पीडीएफ आणि शक्य असल्यास स्वतःचा माल घेऊन जा.

मालाबद्दल जरा सावध राहा. इतवारीत लोहाओळीच्या बाजूला बार वजनावर मिळतो, पण “ॲल्युमिनियम आहे” एवढ्यावर घेऊ नका, ६०६१ जातीचं मागा. खिडक्यांच्या सेक्शनचं असतं ते ६०६३. ते मऊ, चिकट. टूलच्या टोकाला माल चिकटत जातो आणि पृष्ठभाग ओरबाडल्यासारखा येतो. भंगारातला गोल तुकडा स्वस्त पडेल, पण कुठल्या जातीचा ते कळत नाही. एकाच चेसिसवर दोन जातींचे रिम पॉलिश केल्यावर वेगवेगळे दिसले तर मग चुटपुट लागते.

आता साध्या लेथवाल्याकडे अकरा रिम होतच नाहीत का? होतात की. अनुभवी टर्नर (लेथ चालवणारा कारागीर) रिमच्या कडेचा आकार एका टूलला घासून देतो आणि तेच फॉर्म टूल अकराही नगांवर चालवतो. कडा सारख्या येतात. घोडं अडतं भोकांवर. युरोपीय पद्धतीच्या ट्रकच्या चाकाला दहा स्टड (नट बसतात ते बोल्ट) असतात, ३३५ मिमीच्या वर्तुळावर. आठाने भागले की ४१.९. मधलं हबचं (ॲक्सलच्या टोकाच्या ज्या भागावर चाक बसतं त्याचं) भोक २८१ चं, म्हणजे आपल्याकडे ३५ च्या जरा वर. दोन्हींच्या मध्ये जेमतेम साडेतीन मिमी जागा उरते, आणि त्या जागेत दहा भोकं, अकरा रिममध्ये मिळून एकशे दहा. भोक अर्धा मिमी सरकलं की नट तिरका दिसतो आणि फोटोत पहिली नजर तिथेच जाते.

यासाठी मिलिंग मशीनवर (टूल फिरतं, जॉब स्थिर राहतो) डिव्हायडिंग हेड, म्हणजे वर्तुळाचे सारखे भाग पाडणारं साधन असेल तर काम सरळ आहे. नेहमीच्या ४०:१ च्या हेडवर (हँडलच्या चाळीस फेऱ्यांना जॉबचा एक फेरा) दहा भाग म्हणजे हँडलचे बरोबर चार फेरे, प्लेटमधली भोकं मोजायची गरजच नाही. फक्त एकशे दहा वेळा तेच करताना माणूस कंटाळतो. म्हणून मला सगळ्यात पटणारा मार्ग मधला आहे. रिम लेथवाल्याकडून वळवून घ्या आणि व्हीएमसीवर (सीएनसी मिलिंग मशीनवर) फक्त एक ड्रिल जिग करून घ्या. जिग म्हणजे ३५ च्या भोकात बसणारा टप्पा आणि त्याभोवती दहा अचूक भोकं असलेली पोलादी चकती. ती रिमवर बसवायची आणि बेंच ड्रिलवर स्वतः भोकं पाडायची. सेटिंगचे पैसे एका नगाचेच लागतात, शिवाय पुढच्या ट्रेलरच्या चाकांनाही तीच जिग चालते.

नटांचा जाता जाता उल्लेख. खऱ्या एम-२२ नटाची किल्ली ३२-३३ मिमीची, आठाने भागली की चार. एम-२ च्या नटाचं माप बरोबर चार मिमी असतं. लोक मजबुतीसाठी एम-३ घालतात आणि चाक बैलगाडीचं दिसायला लागतं.

टर्नरकडे जाताना एक गोष्ट आवर्जून सांगा: टायर बसायची जागा आणि ३५ चं बोअर (मधलं भोक) एकाच पकडीत करा. जॉब उलटून तीन जबड्यांच्या चकमध्ये पुन्हा धरला की ०.०५ ते ०.१ मिमीचा हेलकावा सहज येतो. दुसरी बाजू डायल (हेलकावा मोजणारं घड्याळ) लावून फोर-जॉमध्ये, म्हणजे चारही जबडे वेगवेगळे सरकणाऱ्या चकमध्ये धरली तर ठीक, पण ते सांगितल्याशिवाय होत नाही. आणि तापलेल्या जॉबवर व्हर्निअर लावू देऊ नका. ॲल्युमिनियमचं ३५ मिमी बोअर कापताना ४० अंशांनी तापलं तर ०.०३ मिमी मोठं भरतं. टर्नर म्हणतो बरोबर, आणि थंड झालेला रिम घरी हबवर चढत नाही. मे महिन्यात, पत्र्याच्या शेडखाली, दुपारी दोनला तर हे हमखास होणार.

साध्या लेथवाल्याचा खरा उपयोग मात्र रिमवर नाही, एकेरी कामांवर आहे: ॲक्सलचा शाफ्ट, स्टिअरिंगची किंगपिन (पुढचं चाक जिच्याभोवती वळतं ती पिन), कमानीच्या पिना, बुश. शाफ्टला ईएन-८ जातीचं पोलाद घ्या, बारीक पिनांना ईएन-१ए, तो लोण्यासारखा कापला जातो. असं काम तो समोर उभं राहून करून देतो. बेअरिंग खिशातच असावं. “हे यात हाताने दाबून बसलं पाहिजे, हातोडी नको,” एवढं सांगितलं की त्याला सहनशीलतेचा (माप किती कमी-जास्त चालेल त्याचा) तक्ता लागत नाही. तो कापतो, बसवून पाहतो, पुन्हा हँडलच्या डायलवरचं अर्धं घर कापतो. सीएनसीवाल्याकडे असं चालत नाही. तिथे जे कागदावर तेच लोखंडावर.

म्हणूनच सीएनसीला दिलेल्या ड्रॉइंगमध्ये ढिलाई महागात जाते. समजा हबमध्ये ६८०० नंबरचं बेअरिंग आहे, १० बाय १९ बाय ५ (आतला व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी). ड्रॉइंगवर नुसतं १९ लिहिलं आणि खाली सर्वसाधारण सहनशीलता आयएसओ २७६८ या मानकाप्रमाणे मध्यम अशी ठेवली, तर १८.८ ते १९.२ मधलं काहीही नियमात बसतं. एकात बेअरिंग जाणार नाही, दुसऱ्यातून खाली पडेल, आणि तुम्हाला बोलायला तोंड राहणार नाही. तिथे १९ एच-७ लिहायचं, म्हणजे शून्य ते अधिक ०.०२१. उलट प्रत्येक मापाला एच-७ लावलंत तर भाव दुप्पट ऐकायची तयारी ठेवा. बेअरिंगचं घर, हबचा टप्पा, शाफ्टची बैठक एवढ्यांनाच घट्ट मापं द्या, बाकी सैल सोडा.

चेसिसला लेथही नको आणि व्हीएमसीही नको. ॲल्युमिनियमच्या जाड पट्टीतून लाँग मेंबर (चेसिसच्या दोन लांब तुळया) खोदून काढणारे आहेत, पण मला तो पैशाचा भुगा वाटतो. लेझरने पत्रा कापून बेंडिंग करून घ्या. खऱ्या मेंबरची जाडी ७-८ मिमी, म्हणजे मापाने एक मिमी. वजन पेलायला दीड घ्या, कोणाच्या लक्षात येत नाही. उंची ३१ आणि फ्लँज (दुमडलेली कड) ९ मिमी येते, आणि अडचण या नऊमध्येच आहे. दीड मिमी पत्र्याला बेंडिंगवाला साधारण १२ मिमीची व्ही डाय (पत्रा जिच्यात दाबून वाकवतात ती खाच) लावतो, तिच्यावर साडेआठच्या खालचा फ्लँज टेकतच नाही. आठचा फ्लँज काढून फाइल पाठवलीत तर ती तशीच परत येते. फ्लॅट साइजही (वाकवण्याआधीच्या सपाट पत्र्याचं माप) स्वतः काढू नका. बाहेरची मापं द्या, तो आपल्या डायप्रमाणे कपात धरतो. भोकं बेंडपासून पत्र्याच्या जाडीच्या दुप्पट-अडीचपट तरी लांब ठेवा, नाहीतर ती अंडाकृती होतात. डाव्या-उजव्या मेंबरसाठी दोन फाइली लागत नाहीत. एकाच फाइलचे दोन नग कापा, एकाला बेंड वर, दुसऱ्याला खाली. हे बेंडिंगवाल्याला तोंडी सांगा आणि पत्र्यावर मार्करने बाणही काढा.

गिअर कापून घ्यायचं नाव काढू नका. बेव्हल गिअरला (काटकोनात फिरवणाऱ्या तिरक्या दातांच्या गिअरला) वेगळीच मशीन लागते. मागच्या ॲक्सलच्या क्राऊन-पिनियनसाठी (मोठ्या-छोट्या बेव्हल गिअरच्या जोडीसाठी) चार इंची अँगल ग्राइंडरचा स्पायरल बेव्हल सेट स्पेअर म्हणून हार्डवेअरमध्ये मिळतो. आकाराने १:८ च्या हाउसिंगमध्ये बसवता येतो आणि दात कडक केलेले असतात.

राहिली घरची लेथ. तीन हजारांचं काम बाहेर देण्यापेक्षा मशीनच घेऊन टाकू, हा विचार प्रत्येकाच्या मनात येतो. सात इंची मिनी लेथ घरच्या २३० व्होल्टवर चालते आणि ७५ चा बार तिच्यात मावतो. ॲल्युमिनियमला ती पुरते. ७५ व्यासाला मिनिटाला सहाशेच्या आसपास फेरे हवेत, ते ती देते. पण तेवढ्याच व्यासाचं लोखंड हायस्पीड टूलने कापायला शंभरच्या आसपास फेरे लागतात, आणि तिथे छोट्या मोटरचा जोर उतरतो. जुनी राजकोट किंवा बटाल्याची लेथ दणकट असते, मात्र बहुतेकींना थ्री फेज मोटर असते. घरी सिंगल फेजवरून ड्राइव्ह (सिंगल फेजची थ्री फेज करून देणारं उपकरण) लावून ती चालवता येते, पण मोटर डेल्टा जोडणीत २३० वर चालणारी असेल तरच. आधी मोटरची नेमप्लेट पाहा. लेथच्या किमतीवर चक, टूल, डायल, ग्राइंडर यांचा खर्च चढत जातो, तो वेगळा. आणि चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये भुशाचं काय करणार, हे घरच्यांना आधी विचारा.

माझ्या मते ट्रकसाठी म्हणून लेथ घेऊ नये. लेथवर उभं राहणंच आवडत असेल तर जरूर घ्यावी, मग ट्रक व्हायला दोन वर्षं लागली तरी चालेल. एकच ट्रक पुरा करायचा असेल तर चेसिस लेझरला, रिम आणि शाफ्ट टर्नरला, जिग व्हीएमसीला, गिअर बाजारातून. दोन-तीन मित्र मिळून एकाच मापाचे ट्रक बांधत असाल तर मात्र रिम सरळ सीएनसीला द्या. तेहतीस नगांची ऑर्डर म्हटल्यावर हिंगण्यातला माणूसही खुर्ची पुढे करतो.

यातलं काहीही करण्याआधी टायर विकत घ्या. १:८ ला चालणारे रबरी टायर मोजकेच मिळतात, आणि खऱ्या १०.००-२० टायरचा सुमारे १०५० मिमीचा व्यास आठाने भागून येणारं १३१ तंतोतंत कोणाचंच नसतं. टायर हातात आला की त्याच्या आतल्या कडेचा व्यास आणि रुंदी मोजा, रिमच्या ड्रॉइंगमधलं ६३.५ त्याप्रमाणे बदला, मग एकच रिम वळवून त्यावर टायर चढवून पाहा. तो चढला, फिरवल्यावर डुलला नाही, की उरलेल्या दहांचा बार कापायला सांगा.