भंवरकुआंच्या अभ्यासिका: लिहिणाऱ्याला चालतील का?

इंदूरच्या भंवरकुआं भागात स्पर्धा परीक्षावाल्यांसाठी भाड्याच्या अभ्यासिका आहेत. घरात स्वतंत्र खोली नसलेल्या लेखकाला त्या खरंच उपयोगी पडतात, पण केबिन बघूनच घ्या. प्लायचं पार्टिशन बसल्यावर डोक्याच्या वर गेलं पाहिजे. नाहीतर शेजाऱ्याची नजर लॅपटॉपच्या पडद्यावर पडते, आणि कच्चा खर्डा कुणी वाचतंय या जाणिवेनंच वाक्य आखडतं. टेबल निदान २ फूट खोल हवं. दीड फुटात लॅपटॉप मावतो, वही मांडीवर येते. कीबोर्डची खटखट चालते का, ते आधीच विचारा. उजव्या हातानं लिहीत असाल तर दिवा डावीकडे हवा, म्हणजे कागदावर सावली पडत नाही. महिन्याचे पैसे भरण्याआधी गर्दीच्या वेळी तासभर बसून बघा.