क्लचचं इस्टिमेट: लेबर रास्त, पण दोन ओळी खोडायला लावा

यवतमाळ जिल्ह्यातलं, तालुक्याच्या गावचं गॅरेज. वॅगनआरच्या क्लचच्या कामाचं त्यांचं इस्टिमेट ओळीओळीनं तपासलं. लेबरचा आकडा मोठा दिसतो, म्हणून गिऱ्हाईक आधी त्यावरच घासाघीस करतं. खरं तर सगळ्यांत रास्त ओळ तीच आहे. क्लच प्लेट इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे बसते. ती काढायची तर ड्राइव्ह शाफ्ट (चाकं फिरवणारे दांडे) सोडवून अख्खा गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. म्हणूनच प्लेटसोबत प्रेशर प्लेट (क्लच प्लेट दाबून धरणारी) आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर तो दाब सोडवणारं) लिहिलंय तेही बरोबर. बेअरिंगचे पैसे वाचवले आणि ते पुढं ओरडायला लागलं, तर गिअरबॉक्स पुन्हा खाली आणि लेबर पुन्हा तेवढंच. शाफ्ट काढताना ऑइल सांडतंच, त्यामुळं गिअर ऑइलही मान्य.

क्लच खरंच गेलाय का, हे त्यांनी गिऱ्हाइकासमोर दाखवलं. ही पद्धत फार आवडली. सपाट जागा, समोर कोणी नको, हँडब्रेक पूर्ण ओढलेला, तिसरा गिअर. थोडी रेस देऊन पेडल हळूहळू सोडायचं. इंजिन गचका खाऊन बंद पडलं तर प्लेट पकडतेय, चालूच राहिलं तर घसरतेय. एकदाच करा, पुन्हा पुन्हा केलं तर चांगली प्लेटही जळते. केबलच्या गाडीत त्याआधी पेडलचा फ्री प्ले, म्हणजे दाबताना सुरुवातीची मोकळी हालचाल, बघायला सांगा. केबल जास्त ताणलेली असली की नवी प्लेटसुद्धा घसरते. पेडल दाबल्यावर घरघर आली तर बहुतेक रिलीज बेअरिंग. सोडल्यावर घरघर आणि दाबल्यावर शांत, तर दोष गिअरबॉक्सच्या आत असू शकतो. तो क्लच किटनं जाणार नाही.

आता खोडायच्या ओळी. पहिली, पार्टवरचा जीएसटी. डब्यावरच्या एमआरपीत कर धरलेलाच असतो. 1,180 रुपये छापलेल्या पार्टात 18 टक्क्यांनी 180 रुपये आधीच आहेत. त्यावर पुन्हा 18 टक्के लावले की 212 रुपये निव्वळ जास्तीचे. लेबरवरचा कर वेगळा, पण तो पक्क्या बिलावरच द्या आणि त्यावर अक्षरं-आकडे मिळून 15 खुणांचा जीएसटी नंबर बघा. महाराष्ट्राचा 27 नं सुरू होतो. दुसरी ओळ इंजिन फ्लश, म्हणजे इंजिन आतून धुणं. क्लचशी त्याचा काडीचा संबंध नाही.

इस्टिमेटमधे एक गोष्ट राहून गेलीय, ती म्हणजे फ्लायव्हील, इंजिनाची जड चकती, जिच्यावर क्लच प्लेट दाबली जाते. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीतून अर्धा क्लच दाबून गाडी काढली की ते तापून निळे डाग पडतात. डाग किंवा बारीक तडे असतील तर लेथवर फेसिंग करून (म्हणजे वरचा थर कापून सपाट करून) घ्या किंवा फ्लायव्हीलच बदला, नाहीतर नवी प्लेट थरथरते. लेथवाल्याच्या कामाची पावती वेगळी मागा.

जुनी प्लेट हातात घेऊन बघा. अस्तर रिव्हेटपर्यंत झिजलं असेल तर बदल योग्य. अस्तर जाड पण तेलानं काळंशार असेल, तर क्रँकचा मागचा ऑइल सील किंवा गिअरबॉक्सचा सील गळतोय. त्याची ओळ इस्टिमेटमधे नसेल तर गिअरबॉक्स वर चढवायच्या आधीच लिहून घ्या.