क्रूझ अर्ध्यावर आटोपली तर: जहाजावर थांबावं की विमान धरावं, क्रेडिट घ्यावं की रोख?

जहाजात बिघाड झाला आणि कॅप्टनने सहल इथेच संपत असल्याचं सांगितलं, की प्रवाशाला दोन निर्णय घ्यावे लागतात. घरी कसं पोचायचं हे त्याच दिवशी ठरवायचं असतं आणि भरपाई रोख घ्यायची की पुढच्या सहलीवर वापरायच्या क्रेडिटच्या रूपात, हे पुढच्या काही आठवड्यांत. रिसेप्शनसमोरच्या रांगेत मात्र दोन्हींची सरमिसळ होते. भरपाईवरून वाद घालण्यात लोकांचा दिवस जातो आणि तोवर पहिल्या विमानातल्या जागा भरतात. आधी परतीचं बघा. भरपाईचं नंतरही बोलता येतं.

आधी बिघाड कोणता ते समजून घ्या

प्रवासी सगळ्याला ‘इंजिन बंद पडलं’ म्हणतात, पण जहाजावर थांबणं सुसह्य आहे की नाही ते बिघाडाच्या प्रकारावर ठरतं.

बऱ्याच आधुनिक क्रूझ जहाजांना तळाखाली फिरणाऱ्या शेंगेसारखे पॉड असतात. विजेची मोटर त्या पॉडच्या आतच असते. तिचं बेअरिंग गेलं तर पाण्यात दुरुस्ती होणं अवघड असतं, त्यामुळे बहुतेक वेळा जहाज सुक्या गोदीतच न्यावं लागतं. पण दुसरा पॉड चालू असतो, जनरेटर चालू असतात, म्हणजे दिवे, एसी, स्वयंपाकघर सगळं व्यवस्थित चालतं. फक्त वेग उतरतो, एकदोन बंदरं गळतात किंवा सहल एक-दोन दिवस आधी संपते. अशा वेळी स्वतःच्या खर्चाने उतरून घाई करण्यात काहीच हशील नाही.

इंजिनरूममध्ये आग लागली तर गोष्ट वेगळी. मुख्य वीज गेली की आपत्कालीन जनरेटर चालू होतो. प्रवासी जहाजावर त्याने ३६ तास पुरावं असा सोलास या आंतरराष्ट्रीय कराराचा नियम आहे. पण तो आपत्कालीन दिवे, रेडिओ, आगीचे पंप अशा गोष्टींसाठी असतो. एसी, मोठ्या शेगड्या आणि व्हॅक्यूमवर चालणारे संडास त्याच्या भरवशावर चालत नाहीत. फेब्रुवारी २०१३ मध्ये मेक्सिकोच्या आखातात ‘कार्निव्हल ट्रायम्फ’वर हेच घडलं. इंधनाच्या एका लवचिक नळीतून गळती झाली, आग लागली आणि चार हजारांवर माणसं असलेलं जहाज चार दिवस टगबोटींनी ओढत अलाबामातल्या मोबिल बंदरात आणावं लागलं. मधल्या काळात प्रवाशांना पर्यायच नव्हता. भर समुद्रात चार हजार माणसं एका जहाजावरून दुसऱ्यावर नेणं हे संडास तुंबलेल्या जहाजावर राहण्यापेक्षा जास्त धोक्याचं असतं.

तिसरा प्रकार लोकांना सगळ्यात चमत्कारिक वाटतो. ट्रायम्फनंतर महिन्याभरातच त्याच कंपनीचं ‘कार्निव्हल ड्रीम’ सेंट मार्टिन बेटावरच्या फिलिप्सबर्ग बंदरात अडकलं. बिघाड होता आपत्कालीन जनरेटरमध्ये. काही तास लिफ्ट आणि संडास अधूनमधून बंद पडले, एवढं सोडलं तर जहाज धक्क्याला शांत उभं होतं. पण आपत्कालीन वीज नसताना समुद्रात जाणं योग्य नव्हतं, म्हणून प्रवाशांना विमानांनी परत पाठवलं. असं जहाज म्हणजे धक्क्याला लागलेलं हॉटेल. विमानाची वेळ हातात येईपर्यंत केबिन सोडू नका. छोट्या बेटावर हॉटेलच्या खोल्या मोजक्या असतात आणि बाहेर पडलेल्या हजारो लोकांत तुम्ही एक असता.

कंपनीचं विमान की स्वतःचं तिकीट

कंपनीच्या विमानाचा मोठा दोष म्हणजे वेळ. चार हजार प्रवासी आणि १८० आसनांचं चार्टर विमान असा हिशेब मांडला तर तेवीस फेऱ्या होतात. कंपन्या नेहमीच्या विमानांतल्या जागाही घेतात, तरी दीड-दोन दिवस धरून चाला. आजारी, व्हीलचेअरवरचे आणि लहान मुलं बरोबर असलेले यांना साधारणपणे आधी पाठवतात. तुम्ही त्यात मोडत असाल तर गेस्ट सर्व्हिसेसला तसं स्पष्ट सांगा, ते आपण होऊन शोधत येत नाहीत. दुसरा दोष: हे विमान बहुधा जहाज जिथून सुटलं त्या शहरापर्यंतच नेतं. मुंबईचं पुढचं तिकीट तुमचं तुम्हालाच बदलावं लागतं. ते क्रूझ कंपनीमार्फत काढलेलं असेल तर बदलाचं काम तिच्याकडे जातं, आणि हा त्या महागड्या वाटणाऱ्या सोयीचा खरा फायदा.

स्वतः तिकीट काढलं तर तासाभरात सुटका होते, पण खिशाला झळ बसते. त्या दिवशी त्या विमानतळावरून सगळेच तिकीट शोधत असतात, भाडं चढलेलं असतं आणि कंपनी ते परत देईलच असं नाही. तिची विमानं उपलब्ध असताना तुम्ही आपल्या मर्जीने गेलात तर ‘आम्ही सोय केली होती’ हे उत्तर तयार असतं. म्हणून आधी लेखी विचारा: स्वतः तिकीट काढलं तर किती रकमेपर्यंत परत देणार? ईमेल, ॲपमधला चॅट, रिसेप्शनच्या शिक्क्याची चिठ्ठी, काहीही चालेल. तोंडी होकार कामाचा नाही.

भारतीय पासपोर्ट असलेल्यांसाठी मात्र या तुलनेत व्हिसा सगळ्यात जड पडतो. ठरल्याबाहेरच्या बंदरात उतरताना कंपनीचा पोर्ट एजंट तिथल्या इमिग्रेशनशी बोलून साऱ्या गटाची सोय लावतो. गटातून फुटलात की तुम्ही एकटे, आणि त्या देशाचा व्हिसा तुमच्याकडे नसतो. बार्सिलोनाहून सुटलेली क्रूझ तुर्कस्तानात संपली आणि तुमचा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामायिक व्हिसा) एकाच प्रवेशाचा असेल, तर परतीसाठी बार्सिलोनाला जाणंच अडतं. मायामीहून कॅरिबियनला गेलेल्यांचंही तसंच: अमेरिकेत पुन्हा शिरायचं तर व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा. ट्रायम्फ मेक्सिकोऐवजी मोबिलला नेण्यामागे बऱ्याच प्रवाशांकडे पासपोर्ट नसणं हेही एक कारण कंपनीने सांगितलं होतं, कारण अमेरिकन नागरिकांना अशा फेरीसाठी तो सक्तीचा नसतो. कागदांवरून जहाजाची दिशा ठरते, ती अशी.

यावरून आमचं मत असं: परदेशात भारतीय पासपोर्टवर असाल तर कंपनीबरोबरच जा. अपवाद दोनच: प्रकृतीची तातडी, किंवा त्या देशाचा वैध व्हिसा आणि लेखी परतफेडीची हमी दोन्ही हातात असणं. तिकीट काढायची वेळ आलीच तर दुबई किंवा दोहामार्गे, विमानतळाबाहेर न पडता विमान बदलायचा मार्ग बघा. त्याला आपल्याला ट्रान्झिट व्हिसा लागत नाही. आणि मूळ परतीचं तिकीट विमान सुटण्याआधीच बदला किंवा रद्द करा. पहिला टप्पा चुकवला की पुढचे सगळे टप्पे आपोआप रद्द होतात.

अनेक जहाजांवर पासपोर्ट पर्सरच्या, म्हणजे जहाजावरच्या हिशेब-कागदपत्रं सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कार्यालयात ठेवून घेतात. घोषणा झाली की विमानाच्या यादीत नाव घालणं आणि पासपोर्ट परत मागणं ही दोन कामं आधी उरका, जेवण नंतर.

गोव्यात अडकणं आणि लक्षद्वीपला अडकणं

मुंबईहून निघणाऱ्या देशांतर्गत सहलींत व्हिसाची कटकट नाही, त्यामुळे गणित उलटं फिरतं. मुरगावला सहल संपली तर कंपनीच्या बसची वाट बघण्याची गरज नाही. दाबोळी विमानतळ हाकेच्या अंतरावर आहे आणि मडगावहून कोकणकन्या, मांडवी, जनशताब्दी, वंदे भारत यांपैकी काही ना काही मिळतं. तत्काळचा पर्याय आहेच. इथे स्वतः निघणं स्वस्तही पडतं आणि लवकरही होतं. खर्चाची पावती मात्र जपून ठेवा.

लक्षद्वीपमध्ये याच्या अगदी उलट. मोठं जहाज बेटाला लागतच नाही. ते खाजणाबाहेर नांगर टाकतं आणि प्रवाशांना लहान बोटींनी नेतात. आगत्तीची धावपट्टी आखूड आहे, तिथे छोटी टर्बोप्रॉप विमानं उतरतात, म्हणजे एका खेपेला साठ-सत्तर माणसं. बेटावर राहायला परवाना लागतो. तेव्हा तिथे बिघाड झाला तर जहाजावर थांबून कोचीपर्यंत हळूहळू जाणं हाच शहाणपणाचा मार्ग. आईवडिलांना घेऊन पहिल्यांदाच क्रूझला जाणार असाल तर मुंबई–गोवा आणि लक्षद्वीप यांतून निवडताना हा मुद्दाही लक्षात असू द्या.

क्रेडिट की रोख

भरपाईला ठरलेला दर नाही, हे २०१३ च्या याच दोन प्रसंगांतून दिसतं. ट्रायम्फच्या प्रवाशांना पूर्ण पैसे, प्रवासखर्च, तेवढ्याच रकमेचं पुढच्या सहलीचं क्रेडिट आणि माणशी ५०० डॉलर मिळाले. ड्रीमच्या प्रवाशांना तीन दिवसांचे पैसे आणि पुढच्या क्रूझवर निम्मी सूट. एकच कंपनी, एकच हिवाळा. फरक हालांचा होता, आणि बातम्यांत किती दिसलं त्याचाही असावा. त्याच वर्षी मे महिन्यात क्रूझ कंपन्यांच्या संघटनेने, क्लिआने, प्रवाशांच्या हक्कांची सनद जाहीर केली. यांत्रिक बिघाडाने सहल सुटण्याआधी रद्द झाली तर पूर्ण परतावा, मध्येच संपली तर अंशतः परतावा, शिवाय सहल जिथे संपायची ठरली होती त्या बंदरापर्यंत किंवा घरच्या शहरापर्यंत प्रवास आणि ठरल्याबाहेरच्या बंदरात रात्र काढावी लागली तर मुक्काम, असं तिच्यात आहे. ‘अंशतः’ म्हणजे किती, ते तिच्यात लिहिलेलं नाही. घासाघीस तिथेच करायची असते.

समजा सात रात्रींचं मूळ भाडं ८०,००० रुपये आणि बंदरशुल्क व कर १४,००० रुपये. तीन रात्री बुडाल्या. भाड्याचा तीन सप्तमांश म्हणजे ३४,२८६ रुपये. कंपनी बहुधा एवढ्यावर थांबते, पण न झालेल्या बंदरांचं शुल्क, आधी भरलेल्या किनारी सहली, पेयांचं आणि वायफायचं पॅकेज, आणि दिवसाला १६ ते २० डॉलर असा आधीच घेतलेला सेवा-आकार हे सगळं वेगळं मागता येतं. मागणीच्या ईमेलमध्ये प्रत्येक बाब वेगळ्या ओळीवर, रकमेसह लिहा. ‘योग्य ती भरपाई द्यावी’ असं लिहिणाऱ्याला कूपन मिळतं.

आता कंपनी म्हणाली, रोख ३४,२८६ किंवा क्रेडिट ४५,०००. क्रेडिट मोठं दिसतं. पण ते सहसा फक्त भाड्याला लागतं, कर-शुल्काला नाही. दुसऱ्याच्या नावावर होत नाही. वर्ष-दोन वर्षांत संपतं. त्या मुदतीत नुसतं बुकिंग करायचं की प्रवासही पुरा करायचा, हे वाचून घ्यावं लागतं. युरोपातल्या क्रूझचं क्रेडिट वापरायचं तर मुंबईहून पुन्हा विमानभाडं आलं आणि शेंगेन व्हिसाची फीच प्रौढाला ९० युरो आहे. अशा माणसाने रोख घ्यावी, वाद नको. क्रेडिट परवडतं ते दोघांना: मुंबईत राहून मुंबईहूनच पुन्हा जाणार असलेल्याला, आणि ह्यूस्टनसारख्या ठिकाणी, गॅल्व्हस्टन बंदरापासून तासाभरावर राहणाऱ्याला. त्यांनीही क्रेडिट रोखीच्या दीडपट तरी असेल तरच घ्यावं.

आणि एक, क्रेडिट स्वीकारण्याच्या पानावर ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ अशा अर्थाचं वाक्य आहे का ते बघा. असेल तर बटण दाबण्याआधी बाकीच्या मागण्या पदरात पाडून घ्या.

विमा, कार्ड, ग्राहक आयोग

प्रवास विम्यावर फार विसंबू नका. आजारपण, घरातला मृत्यू, नैसर्गिक आपत्ती यांमुळे सहल सोडावी लागली तर ‘ट्रिप इंटरप्शन’ लागू होतं. जहाजाच्या यांत्रिक बिघाडाचा उल्लेख पॉलिसीत स्वतंत्रपणे असावा लागतो. नसेल तर दावा फेटाळला जातो.

क्रेडिट कार्डाचा चार्जबॅक, म्हणजे बँकेमार्फत पैसे परत मागणं, जलद आहे. मुदत साधारण १२० दिवस. फक्त न मिळालेल्या दिवसांची रक्कम मागा. पूर्ण भाडं मागितलं की कंपनी चार रात्रींच्या मुक्कामाचा पुरावा देते आणि सगळाच दावा पडतो. कंपनीचं क्रेडिट आधीच घेतलं असेल तर बँक बहुधा दाद देत नाही. काही कंपन्या चार्जबॅक करणाऱ्याचं पुढचं बुकिंग नाकारतात, तेवढी तयारी ठेवा.

ग्राहक आयोग संथ आहे, पण घराजवळ आहे. परदेशी कंपनीच्या करारात बहुधा मायामीच्या न्यायालयाचं नाव असतं आणि असं कलम अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एका क्रूझ प्रवाशाच्याच खटल्यात ग्राह्य धरलं आहे. भारतातल्या एजंटकडून पॅकेज घेतलं असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, एजंट आणि कंपनी दोघांविरुद्ध तक्रार करता येते. मुदत दोन वर्षं, व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर शुल्क नाही. आधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करा. पुष्कळ एजंट तेवढ्याने हलतात. परदेशी वेबसाइटवरून थेट बुकिंग दोन-चार हजारांनी स्वस्त मिळतं, पण त्यात दाद मागायला जवळचा एजंट राहत नाही.

एजंटने परतावा दिला तरी पॅकेजवर कापलेला टीसीएस (विक्रेत्याने गोळा करून सरकारकडे भरायचा कर) त्यात नसला तर लगेच भांडू नका. तो सरकारकडे भरला गेलेला असू शकतो. आयकर पोर्टलवरच्या तुमच्या कर-नोंदीत दिसतो का ते पाहा आणि आयकर विवरणपत्रात वळता करून घ्या. न दिसल्यास मात्र एजंटला चलनाचा तपशील मागा.

पुढचं बुकिंग करताना जहाजाचं वयही बघा. १ जुलै २०१० पासून कणा घातलेल्या, म्हणजे बांधणी सुरू झालेल्या, मोठ्या प्रवासी जहाजांना ‘सेफ रिटर्न टू पोर्ट’चा नियम लागू आहे: एका विभागात ठरावीक मर्यादेतली आग लागली तरी जहाज स्वतःच्या शक्तीवर बंदरात परतलं पाहिजे आणि तोवर प्रवाशांसाठी संडास, पाणी, अन्न चालू राहिलं पाहिजे. ट्रायम्फ १९९९ चं होतं.